दुरून डोंगर साजरे : टेलिफोटो भिंगाची कुळकथा

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण आपल्याकडे उपरोधाने वापरण्याची रीत आहे. जवळ गेल्यावर काटेकुटे, दगडधोंडे आणि छातीला लागणारी चढण यांचीच गाठ पडायची, तेव्हा दुरूनच काय ते कौतुक करून घ्यावे, असा तिचा भाव. पण डोंगर दुरून खरोखर कसा दिसतो, किती दिसतो, आणि जे दिसते त्यातले डोंगराचे किती व मधल्या हवेचे किती, हा प्रश्न म्हणीच्या कर्त्याला पडलेला दिसत नाही. तो पडला भिंगे घासणाऱ्यांना. त्याचे उत्तर शोधण्यात तीन शतकांहून अधिक काळ गेला, आणि त्यातून जे उपकरण निघाले त्यास आज लहान मुलेही ‘टेलिफोटो’ या नावाने ओळखतात.

म्हैसूर जिल्ह्यात पिरियापट्टण तालुक्यात बेट्टदपुर नावाचे गाव आहे. कन्नडमध्ये बेट्ट म्हणजे डोंगर. तेव्हा हे डोंगराचेच गाव. गावामागे एकाकी उभा असलेला शंकूसारखा डोंगर समुद्रसपाटीपासून चार हजार फुटांहून उंच आहे, आणि त्याच्या माथ्यावर सिडिलु मल्लिकार्जुनाचे देवालय आहे. सिडिलु म्हणजे वीज. माथ्यावर वारंवार वीज पडते म्हणून देवाला हे नाव मिळाले, असे तिकडचे लोक सांगतात. आसपासचा प्रदेश बराचसा सपाट, शेताभाताचा. त्यामुळे हा डोंगर कितीतरी कोसांवरून नजरेत भरतो. पश्चिमेस कोडगूच्या रांगा, दक्षिणेस नागरहोळेचे अरण्य, पूर्वेस म्हैसूरचे पठार. दूरचे चित्र घेणाऱ्या भिंगाची परीक्षा पाहायची तर याहून सोयीची जागा क्वचितच सापडेल. कारण येथे डोंगरही आहे, अंतरही आहे, आणि त्या दोहोंमध्ये दक्षिणेच्या पठाराची तापलेली हवाही आहे.

प्रथम थोडे गणित केल्यावाचून गत्यंतर नाही. डोंगरमाथ्यावरचे एखादे बांधकाम दहा मीटर उंच आहे आणि आपण पाच किलोमीटरांवर उभे आहोत, असे धरू. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्याला नेहमी जे भिंग असते त्याचे नाभ्यंतर, ज्याला छायाचित्रकार फोकल लेंग्थ म्हणतात ते, पन्नास मिलिमीटर असते. त्या भिंगाने फिल्मवर या बांधकामाची जी प्रतिमा पडेल तिची उंची एक मिलिमीटराचा दहावा भाग, म्हणजे टाचणीच्या टोकाएवढी. नाभ्यंतर दोनशे केले तर प्रतिमा ०.४ मिलिमीटर, पाचशे केले तर पूर्ण एक मिलिमीटर. नियम साधा आहे : नाभ्यंतर जेवढ्या पटीने वाढेल तेवढ्याच पटीने प्रतिमा वाढेल. अडचणही तितकीच साधी आहे. एका साध्या भिंगाचे नाभ्यंतर म्हणजे, वस्तू दूर असता, भिंगापासून प्रतिमेपर्यंतचे अंतर. नाभ्यंतर लांबले की कॅमेराही तेवढाच लांबला. मोठी प्रतिमा हवी तर लांब नळा हवा, हा निसर्गाचा हिशेब झाला.

हा हिशेब किती महाग पडतो त्याचे उदाहरण महाराष्ट्राच्या भूमीवरच घडले आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणच्या किनाऱ्यावरून शिरून देशावर आणि वऱ्हाडातून पुढे गेली. जगभरच्या ज्योतिषशास्त्रज्ञांच्या तुकड्या तिच्या वाटेवर येऊन बसल्या. विजयदुर्गावर सर नॉर्मन लॉक्यर होते; किल्ल्यावर त्यांच्या उपकरणांसाठी बांधलेले चौथरे ‘साहेबाचे ओटे’ म्हणून आजही दाखवतात. हेलियमचा शोध त्याच ओट्यांवर १८६८ साली लागला अशी समजूत प्रचलित आहे, तीही येथेच दुरुस्त करून घ्यावी. १८ ऑगस्ट १८६८च्या ग्रहणाच्या वेळी लॉक्यर इंग्लंडात होते. ते ग्रहण फ्रेंच ज्योतिषी जानसेन यांनी गुंटूरहून पाहिले, आणि आपल्याकडील जमखंडी येथे लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी. विजयदुर्गचे ओटे त्यानंतर तीस वर्षांनी झालेल्या ग्रहणाचे आहेत.

त्या १८९८च्या ग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यात करमाळ्याजवळच्या जेऊर येथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कँपबेल आपल्या पत्नीसह उतरले होते. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांचाही तळ तेथेच पडला होता. कँपबेल यांनी आणलेल्या कॅमेऱ्याचे नाभ्यंतर चाळीस फूट होते. भिंगाचा व्यास मात्र अवघा पाच इंच. एवढा नळा उचलून सूर्यामागे फिरवणे अशक्य. म्हणून तो ग्रहणाच्या वेळच्या सूर्याच्या दिशेने रोखून कायमचा बांधून टाकायचा, आणि सूर्य सरकेल त्या मानाने खालच्या टोकाची काचपट्टिका सरकवायची, अशी युक्ती होती. या खटाटोपाचे फळ म्हणजे सूर्याची सुमारे साडेचार इंच व्यासाची प्रतिमा. खग्रास स्थिती राहिली सुमारे दोन मिनिटे. त्या दोन मिनिटांसाठी करमाळ्याच्या माळावर मनोऱ्याएवढे बांधकाम उभे करावे लागले.

त्याच दिवशी वऱ्हाडातील तळणी येथे अॅनी माँडर या बाई दीड इंच व्यासाचे आणि नऊ इंच नाभ्यंतराचे भिंग घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या पट्टिकेवर सूर्य वाटाण्याहूनही बारीक उमटला. पण सूर्याच्या प्रभामंडलातून निघालेला एक किरण त्यांच्या चित्रात इतका दूरवर गेलेला दिसला, की तेवढा लांब किरण तोवर कोणाच्याही पट्टिकेवर उतरला नव्हता. हे कसे झाले? चाळीस फुटी भिंगाचे नाभ्यंतर व्यासाच्या ९६ पट होते; या बाईंच्या भिंगाचे केवळ ६ पट. म्हणजे पट्टिकेच्या तेवढ्याच जागेवर पडणारा प्रकाश दुसऱ्यात सोळाच्या वर्गाने, २५६ पटींनी, अधिक. मोठ्या भिंगाने सूर्याच्या कडेचे बारकावे दिले, लहान भिंगाने प्रभेचा विस्तार दिला. भिंगाची ‘कामगिरी’ म्हणून एकच एक वस्तू नसते. जे मागावे ते मिळते आणि त्याची किंमत दुसऱ्या खात्यातून वळती होते, हा धडा जेऊर आणि तळणी यांची तुलना केली असता जितका स्वच्छ मिळतो तितका पाठ्यपुस्तकातूनही मिळत नाही.

आता प्रश्न असा, की नळा आखूड ठेवून नाभ्यंतर लांब करता येईल काय? तत्त्वतः याचे उत्तर केप्लरने १६११ सालीच देऊन ठेवले होते. बहिर्वक्र भिंगातून एकत्र येऊ लागलेले किरण नाभीस पोचण्यापूर्वीच त्यांच्या वाटेत एक अंतर्वक्र भिंग ठेवले, तर ते किरण थोडे अधिक सावकाश एकत्र येतात आणि प्रतिमा मोठी होते. पुढे १८३०नंतर पीटर बार्लो याने दुर्बिणीसाठी याच युक्तीचा वापर केला. आकड्यांनी पाहू. पुढील भिंगाचे नाभ्यंतर १०० मिलिमीटर. त्यामागे ७५ मिलिमीटरांवर ५० मिलिमीटर नाभ्यंतराचे अंतर्वक्र भिंग. प्रतिमा या दुसऱ्या भिंगाच्या मागे ५० मिलिमीटरांवर पडते. सगळी लांबी भरली १२५. परंतु प्रतिमेचा आकार २०० मिलिमीटर नाभ्यंतराच्या भिंगाएवढा. कॅमेरा ७५ मिलिमीटरांनी आखूड झाला. जे भिंग आपल्या नाभ्यंतरापेक्षा आखूड जागेत मावते तेच खरे टेलिफोटो. नुसते लांब नाभ्यंतराचे भिंग, जसे कँपबेल यांचे, हे टेलिफोटो नव्हे. बाजारात या दोहोंस सरसकट एकच नाव मिळाले आहे, ते सोयीचे असले तरी बरोबर नाही.

पण या उदाहरणातच टेलिफोटोचे सारे दुःखही सामावलेले आहे. मागील भिंगाने प्रतिमा दुप्पट केली, तेव्हा पुढील भिंगाचे दोषही दुप्पट केले. पुढील भिंग २५ मिलिमीटर व्यासाचे असेल तर त्याची प्रकाशशक्ती एफ ४ होती. ती आता एफ ८ झाली, म्हणजे प्रकाश चौथ्या हिश्शावर आला. दुप्पट मोठेपणासाठी चौपट अंधार घ्यावा लागला.

१८९१ साली लंडनमध्ये टॉमस रुडॉल्फस डालमायर, बर्लिनमध्ये आडोल्फ मीटे आणि म्युनिकमध्ये आडोल्फ स्टाइनहाइल या तिघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, छायाचित्रणासाठी असे भिंग सिद्ध केले. शोधाची वेळ भरली की तो एकाच्याच दारात थांबत नाही, याचे हे आणखी एक उदाहरण. डालमायर याने पुढे १८९९ साली या विद्येवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. आरंभीची ही साधने म्हणजे नेहमीच्या भिंगामागे बसवायची अंतर्वक्र भिंगाची पुरवणी असे. कॅमेऱ्याचा भाता जितका ओढावा तितकी प्रतिमा मोठी. चौपट केली तर प्रकाश सोळाव्या हिश्शावर. जे चित्र पाव सेकंदात घेता आले असते त्यास चार सेकंद लागणार. दुर्गाचा तट, देवळाचे शिखर, बर्फाच्छादित पर्वत यांस चार सेकंद थांबायला हरकत नसते. पाखराला असते. म्हणून पहिली दहा-पंधरा वर्षे टेलिफोटो हे दगडांचे आणि डोंगरांचे भिंग राहिले. सजीव सृष्टीला ते परकेच होते.

१९०५ साली जर्मनीतील राथेनो येथील एमिल बुश यांच्या कारखान्याने ‘बिस्-टेलार’ नावाचे एकसंध टेलिफोटो भिंग काढले. पुढचा आणि मागचा भाग परस्परांसाठीच घडवलेले, मोठेपणा ठरीव, आणि प्रकाशशक्ती एफ ९. मोठेपणा कमीजास्त करण्याची मुभा सोडली आणि त्या बदल्यात स्पष्टता घेतली, असा हा सौदा होता. पुढील वीस वर्षे याच दिशेने सुधारणा होत गेल्या. पूर्वीच्या भिंगांत चौकोनी इमारतीच्या कडा आतल्या बाजूस चिमटल्यासारख्या वाकत. तो वक्रदोष इंग्लंडातील भिंगकारांनी १९२०च्या सुमारास बराचसा घालवला. पहिल्या महायुद्धात विमानांतून शत्रूचे खंदक टिपण्याची गरज निर्माण झाली होती; नकाशासाठी घेतलेल्या चित्रात सरळ रेषा वाकडी दिसून चालत नाही. विद्येला वेग यावयास बहुधा युद्धच लागावे, ही खेदाची गोष्ट भिंगांच्या इतिहासातही खरी ठरली आहे.

ज्याला अभिजात म्हणावे असे दूरचित्रणाचे भिंग मात्र १९३६ साली आले. त्साइस कारखान्यातील लुडविग बेर्टेले याने आखलेले ‘झोनार’, नाभ्यंतर १८० मिलिमीटर, प्रकाशशक्ती एफ २.८. बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांच्या वर्षी ते बाहेर पडले म्हणून त्यास ‘ऑलिंपिया झोनार’ हेच नाव रूढ झाले. बिस्-टेलारच्या एफ ९शी तुलना केली तर त्याच जागेवर सुमारे दहापट प्रकाश. आता धावपटूचे पाऊल हवेत असतानाच टिपता येऊ लागले. कडक व्याख्येने पाहिले तर हे अगदी सौम्य टेलिफोटो आहे. बेर्टेलेचे लक्ष लांबी वाचवण्याकडे नसून उजेड आणि ठसठशीतपणा यांकडे होते.

त्या ठसठशीतपणाचे रहस्य समजून घेण्याजोगे आहे. काच आणि हवा जेथे भेटतात त्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे पाच टक्के प्रकाश परत फिरतो. फिरलेला प्रकाश नुसता वाया गेला असता तरी चालले असते. पण तो भिंगातल्या भिंगात इकडून तिकडे आपटत शेवटी फिल्मवर पडतो आणि सावल्यांवर पांढरट पडदा धरतो. दहा पृष्ठभाग असले तर शंभरातील साठच भाग प्रकाश सरळ पार होणार. बेर्टेलेने काही भिंगे एकमेकांस चिकटवून पाच भिंगांचे तीनच गट केले, म्हणजे पृष्ठभाग उरले सहा आणि पार होणारा प्रकाश झाला सुमारे त्र्याहत्तर टक्के. आजच्या वाचकास हा फरक किरकोळ वाटेल. परंतु त्या काळच्या चित्रांत काळा रंग काळा दिसतो की राखेसारखा, हे त्यावरच ठरत असे. त्याच कारखान्यात १९३५ साली अलेक्झांडर स्माकुला याने काचेवर अतिसूक्ष्म थर चढवून हे परावर्तन दाबण्याची रीत शोधली होती. युद्धकाळात ती गुप्त राहिली. युद्धानंतर ती सर्वत्र पसरली आणि जुन्या नियमांतली बरीच कलमे रद्द झाली. जुनी भिंगे हाताळणाऱ्यांना काचेवर जी निळसर-जांभळी झाक दिसते ती या थराची.

भिंग चांगले असून भागत नाही. ते रोखताही आले पाहिजे. नेहमीच्या कॅमेऱ्यात बाजूच्या खिडकीतून पाहून अंतर जुळवीत असत. लांब भिंगाला ती अचूकता पुरेना. भिंगातून येणारी प्रतिमाच आरशावरून डोळ्यापर्यंत आणणारा पस्तीस मिलिमीटरचा कॅमेरा, ‘किने एक्झाक्टा’, ड्रेस्डेन येथून १९३६ सालीच बाजारात आला. त्या एकाच वर्षी भिंग आणि डोळा दोन्ही तयार झाले. दूरच्या सजीवाचे चित्र घेण्याचा मार्ग त्यानंतर मोकळा झाला असे म्हणावयास हरकत नाही.

काचेची गोष्ट राहिली. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीस निघालेला प्रभाकर कंदील ज्यांच्या घरी होता त्यांस देशी काचेचा अभिमान असणे स्वाभाविक आहे. पण कंदिलाची काच आणि भिंगाची काच या एका जातीच्या असल्या तरी एका कुळातल्या नव्हेत. कंदिलाच्या काचेत एखादा बुडबुडा वा लहर राहिली तरी उजेड पडतो; भिंगाच्या काचेचा रस सतत ढवळावा लागतो, आणि मग ती इतकी हळूहळू निववावी लागते, की तिच्या कणाकणाची घनता सारखी राहील. इतके करूनही एक दोष उरतो. लाल आणि निळा हे दोन किरण एका बिंदूत आणण्यासाठी दोन प्रकारच्या काचा जोडतात. त्या दोघांना जुळवले तरी बाकीचे रंग थोडे हटून राहतात. या उरलेल्या वर्णविपथनाची गंमत अशी, की ते नाभ्यंतराबरोबर वाढते. पन्नास मिलिमीटरच्या भिंगात जे दिसतही नाही, ते पाचशेच्या भिंगात पांढऱ्या बगळ्याच्या कडेला जांभळी किनार होऊन बसते. फ्लोराइट नावाच्या स्फटिकात हा दोष फार कमी असतो, हे सूक्ष्मदर्शक यंत्रे करणाऱ्या आबे याला ठाऊक होते आणि त्याने १८८६ साली ते वापरलेही. परंतु निसर्गात मोठे निर्दोष स्फटिक सापडत नाहीत. कृत्रिम रीतीने वाढवलेल्या फ्लोराइटचे टेलिफोटो भिंग जपानच्या कॅनन कंपनीने १९६९ साली बाजारात आणले. म्हणजे झोनारपासून तेहतीस वर्षे अभिजात भिंगे ही किनार सोशीतच होती. त्या काळातील वन्य पशूंच्या बहुतेक उत्तम प्रतिमा काळ्यापांढऱ्या आहेत, यात रंगीत फिल्मच्या महागाईइतकाच या दोषाचाही वाटा असावा, असा आमचा तर्क आहे.

येथवर झाली काचेची कथा. आता पुन्हा बेट्टदपुरच्या डोंगराकडे पाहू. कारण काच निर्दोष झाली तरी हवा निर्दोष होत नाही. साठ मिलिमीटर व्यासाचे निर्दोष भिंग सुमारे दोन विकला कोनाचे बारकावे वेगळे करू शकते. पाच किलोमीटरांवर हे बारकावे पाच सेंटिमीटरांचे भरतात. माथ्यावरच्या पायरीचा दगड न् दगड वेगळा दिसावा असा हा हिशेब आहे. प्रत्यक्षात चैत्रातल्या दुपारी बारा वाजता पायऱ्याच एकमेकींत मिसळून जातात. तापलेल्या शेतांवरून उठणारी हवा किरणांना हेलकावे देते. भिंग मोठे केले की हेलकावेही मोठे होतात. दुसरे असे, की हवेचे कण निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा कितीतरी अधिक विखुरतात; म्हणून दूरचा डोंगर निळा दिसतो. कवींना प्रिय असलेला तो निळेपणा म्हणजे डोंगर आणि आपण यांमध्ये धरलेला प्रकाशाचा पडदाच होय. काळ्यापांढऱ्या फिल्मवर काम करणारे जाणकार यासाठी भिंगावर पिवळी वा लाल काच लावीत, आणि पावसाची सर येऊन गेल्यानंतरची सकाळ गाठीत. जगातले सर्वोत्तम भिंग ज्येष्ठातल्या धुरकट दुपारी जे देणार नाही, ते मध्यम प्रतीचे भिंग अश्विनातल्या प्रभाती देईल. परदेशी कोष्टकांवरून भिंगांची प्रतवारी लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. ती कोष्टके प्रयोगशाळेच्या भिंतीसमोर तयार झालेली असतात. आमच्या पठाराची हवा त्यांत धरलेली नसते.

हवा जेथे कमी आड येते आणि भिंगाची खरी परीक्षा होते ती जागा म्हणजे अरण्य. बेट्टदपुरच्या दक्षिणेस जे रान पसरले आहे त्यात जनावरांना जवळ आणण्याचा एक जुना उपाय होता : खेड्डा. सँडरसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७४ साली म्हैसूर संस्थानात तो यशस्वी करून दाखवला, आणि पुढे काकनकोटेच्या अरण्यात राजेरजवाड्यांसमोर त्याचे सोहळे झाले. हाकाऱ्यांनी हत्तींचे कळप नदीतून हुसकीत आणून खोड्यात कोंडायचे. शेवटचा खेड्डा १९७१ साली झाला. दुसरा उपाय बंदूक. तिने वाघ जवळ येई, पण मेलेला. या दोन उपायांशेजारी तिसरा उपाय म्हणून दूरवेधी भिंग ठेवून पाहिले म्हणजे त्याचे ऐतिहासिक मोल कळते. जनावराला न हलवता, न मारता, त्याला कळूही न देता जवळ आणणारे हे पहिलेच साधन. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन यांनी १९२७ साली वाघांच्या छायाचित्रांचा ग्रंथ प्रसिद्ध करून बंदुकीऐवजी कॅमेरा हा मार्ग दाखवला. परंतु त्यांची रीत वाटेवर तार बांधून वाघाकडूनच कळ दाबवून घेण्याची होती, आणि तीत प्रकाशाचा लखलखाट होई. दिवसाउजेडी, जनावर आपल्याच नादात असताना त्याचे चित्र घेण्याला उजळ भिंग यावे लागले.

या परिवर्तनात कर्नाटकातील एका मराठी घराण्याचा वाटा आहे, आणि त्याची नोंद आम्हा प्रांताबाहेरच्या मराठी वाचकांनी तरी ठेवावयास हवी. संडूरचे घोरपडे घराणे मराठेशाहीच्या काळापासून बळ्ळारीच्या टापूत राज्य करीत होते. संस्थान १९४९ साली मद्रास प्रांतात विलीन झाले आणि १९५३ साली तो भाग म्हैसूर राज्यात आला. या घराण्यातील मुरारराव यशवंतराव घोरपडे यांचा जन्म १९३१चा. त्यांनी राजकारणात नाव मिळवले, १९७२ ते १९७७ या काळात ते राज्याचे अर्थमंत्री होते. पण त्यांची दुसरी ओळख अरण्यातील छायाचित्रकाराची होती. १९८३ साली त्यांचे वन्यजीवनाच्या छायाचित्रांचे इंग्रजी पुस्तक लंडनहून प्रसिद्ध झाले. २०११ साली ते वारले. ज्या संस्थानी परंपरेत पाहुण्याला शिकारीस नेणे हा आदरातिथ्याचा भाग होता, त्या परंपरेतला पुरुष हाती कॅमेरा घेऊन त्याच रानात तासन्‌तास बसतो, हे दृश्य आमच्या मते एखाद्या कायद्याइतके महत्त्वाचे आहे. कायदाही १९७२ साली झालाच. वन्यजीव संरक्षणाच्या त्या अधिनियमाने शिकारीचे दार लावले. पण कायद्याने बंदूक खाली ठेववली तरी हात रिकामे राहतात. त्या हातांस दुसरे काही देण्याचे काम भिंगाने केले. बंगळूरचे ओ. सी. एडवर्ड्‌स आणि त्यांचे शिष्य टी. एन. ए. पेरुमाळ यांनी या विद्येची एक शाळाच दक्षिणेत उभी केली, आणि बंडीपूर-नागरहोळेची राने तिची प्रयोगशाळा ठरली.

शेवटी एका भ्रमाचा उल्लेख केला पाहिजे; कारण इतिहास लिहिणाऱ्यांची फसगत होते ती येथेच. टेलिफोटो भिंगाने दूरची वस्तू जवळ येते असे आपण म्हणतो, पण ते खरे नाही. ती मोठी होते, जवळ येत नाही. चित्रातील वस्तूंचे परस्परांशी असलेले प्रमाण भिंगावर अवलंबून नसते. पाहणारा कोठे उभा आहे यावर ते अवलंबून असते. बेट्टदपुरच्या डोंगराचे पाच किलोमीटरांवरून लांब भिंगाने चित्र घेतले, तर पायथ्याच्या गावातील घरे जणू कड्याला चिकटलेली दिसतील. साध्या भिंगाने घेतलेल्या चित्रातला तेवढाच तुकडा कापून वाढवला तरी ती तशीच चिकटलेली दिसतील. दुरून पाहणाऱ्याला अंतरे अशीच मिटलेली दिसतात. जुन्या चित्रात हत्ती आणि गावकरी खेटून उभे दिसले, सभेतील गर्दी भिंतीसारखी दाट दिसली, वाघामागेच वस्ती दिसली, तर ‘मनुष्य आणि पशू पूर्वी असे राहत’ किंवा ‘सभेस एवढा समुदाय होता’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी चित्र कोठून घेतले हे विचारणे इतिहासकाराचे कर्तव्य आहे. दस्तऐवजाचे हस्ताक्षर आणि कागद आपण तपासतो. छायाचित्र मात्र स्वयंसिद्ध पुरावा म्हणून स्वीकारतो. सावल्यांतला राखी पडदा हा रानातल्या धुक्याचा की थर नसलेल्या काचेचा, कडेची अंधुकता जनावर हलल्यामुळे आली की पुढील भिंगाच्या दोषामुळे, हे ज्याला ओळखता येत नाही त्याने त्या चित्रावरून फार मोठी विधाने करू नयेत.

म्हैसूर, बंगळूर, धारवाड, बळ्ळारी या बाजूच्या कितीतरी मराठी घरांत आजोबा-पणजोबांच्या वेळचे कॅमेरे, काचपट्टिका आणि निगेटिव्हचे डबे माळ्यावर पडून आहेत. पावसाळ्यातील ओलीने भिंगांवर बुरशीची जाळी धरते आणि फिल्म एकमेकींना चिकटतात. चित्रांबरोबर ती कोणत्या वर्षी, कोठे उभे राहून आणि कोणत्या भिंगाने घेतली एवढ्या तीन गोष्टी जरी घरच्या वडीलधाऱ्यांकडून आज लिहून घेतल्या, तरी पुढील पिढीच्या अभ्यासकाचे निम्मे काम होईल. भिंगाच्या कडेवर नाव, नाभ्यंतर आणि क्रमांक कोरलेला असतोच. तो उतरून घ्यावयास पाच मिनिटे लागतात. उभे राहण्याची जागा मात्र कोठेही कोरलेली नसते. ती सांगणारी माणसे आहेत तोवरच ती विचारून घ्यावी लागेल.